दादाच्या मानेवरची गाठ

दादाच्या मानेवरची गाठ मी चिरली. वस्तऱ्यानं, भर दुपारी, बाभळीखाली, माझ्या स्वतःच्या हातानं. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी बरंच शास्त्र सांगणार आहे आणि त्यात मी कुठं शहाणी वाटले तर वाचणाऱ्यानं फसू नये.

आमचं घर मेंढपाळांचं. पाचोडपासून थोड्या अंतरावर आमची वस्ती आहे. थोडी शेती, बाकी मेंढरं. दिवाळीनंतर रानं मोकळी झाली की शेतकरी आपल्या शेतात मेंढरं बसवायला बोलावतात, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून, आणि दादा कळप घेऊन या शेतातून त्या शेतात फिरत राहतो. मी त्याची धाकटी बहीण. घरात पहिली शिकलेली. शहरात एका संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे, आणि सुट्टी मिळाली की एसटीनं पाचोड गाठते, तिथून कळप जिथं असेल तिथं जाते.

मेंढरांना जबड्याखाली, मानेवर गाठी येतात. कातरताना कातडी कापली जाते, काटा लागतो, त्यातून घाण आत शिरते आणि लिंबाएवढी गाठ धरते. तिच्यावरची लोकर गळाली आणि बोटाखाली मऊ लागली की फोडायची, ही आमच्याकडची रीत. मेंढी गुडघ्यांत दाबायची, मान पिरगाळून वर करायची, गाठीच्या खालच्या अंगाला एक चीर द्यायची, म्हणजे पू आपसूक उतरतो. उरलेला अंगठ्यांनी दाबून काढायचा, दूर नेऊन मातीत पुरायचा आणि पोकळीत हळद-चुना कोंबायचा. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून हे काम माझ्याकडं होतं, कारण माझे हात बारीक होते आणि मी रडत नसे. दादा धरायचा, मी चिरायचे. मेंढी कितीही ओरडली तरी तिसऱ्या दिवशी चरायला लागायची, त्यामुळं त्या ओरडण्याचं मला कधी काही वाटलं नाही.

त्या दिवशी पाचोडचा बाजार होता आणि वहिनी बाजाराला गेली होती. दादाच्या उजव्या जबड्याखाली गाठ आली होती, लाल, गरम, वरची कातडी ताणून चकाकत होती. काही महिन्यांपूर्वी त्याची त्याच बाजूची दाढ ठणकत होती, ती त्यानं कुणाकडून तरी उपटून घेतली होती. गाठ दाढेमुळंच आली असं सगळे धरून चालले होते. तो बाभळीखाली उकिडवा बसला आणि मला म्हणाला, “पिकलीया. फोड.”

“दवाखान्यात जाऊ, दादा.”

“एवढ्या गाठीपायी दवाखाना? शहरात ऱ्हाऊन हात मऊ झालं व्हय तुझं? येत नसंल तर ऱ्हाऊ दे, माझं म्या बघतो.”

मला राग फार लवकर येतो. आमच्या घराण्याची ती देणगीच आहे, दादाला माझ्याहून जास्त मिळालेली. मी झोळीतून वस्तरा काढला, चुलीच्या निखाऱ्यावर धरला, गार होऊ दिला. दादानं आपली मान आपणच वर पिरगाळून धरली, जशी तो मेंढीची धरायचा तशी, आणि टॉवेलाचा बोळा दातांत घेतला. मी खालच्या अंगाला चीर दिली.

पू आला नाही. रक्त आलं, भसाभस. मला वाटलं पू खोल असेल. मी दोन्ही अंगठे लावून दाबलं, जितका जोर होता तितका लावून दाबलं, आणि चिरेतून करड्या रंगाचं काहीतरी भुसभुशीत बाहेर आलं. मी आणखी दाबलं. दादाच्या घशातून आवाज निघाला, पण टॉवेल त्यानं सोडला नाही. त्यानं एका हातानं माझा घोटा पकडला होता. तिथं पुढं आठवडाभर त्याच्या बोटांचे काळेनिळे डाग राहिले. शेवटी मी हळद-चुना कोंबला, पट्टी बांधली आणि म्हणाले, कच्ची होती, उगीच घाई केलीस. त्यालाच बोलले. बाजारातून परतलेल्या वहिनीला त्यानं सांगितलं, गाठ आपोआप फुटली.

आता माझं काम काय ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझा राग येईल, आणि यायलाच हवा. मी कर्करोग कसा पसरतो याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. त्या दिवसापर्यंतची चार वर्षं रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मी हेच करत होते.

आपल्या अंगातल्या पेशी मोकाट नसतात. तोंडाच्या आतल्या थराखाली प्रथिनांचा एक पातळ, चिवट पापुद्रा असतो आणि त्याखाली प्रथिनांच्याच धाग्यांचं दाट विणकाम. एखादी पेशी बिघडली, वेड्यासारखी वाढत सुटली, तरी ती पापुद्र्याच्या अलीकडं आहे तोवर तिला कापून काढता येतं. पलीकडं गेली की ती रक्तात शिरते, मानेच्या गाठींत शिरते, फुफ्फुसात जाऊन बसते. पलीकडं जायला तिला हत्यार लागतं. ते हत्यार म्हणजे प्रथिनं तोडणारी विकरं, ज्यांना आम्ही प्रयोगशाळेत सरळ एन्झाइम म्हणतो. पेशी ती बाहेर सोडते आणि समोरचा पापुद्रा कुरतडून भोक पाडते. एवढंच नाही, शेजारच्या चांगल्या पेशींनाही ती भडकवते, मग त्याही तीच विकरं सोडतात आणि आपलंच घर फाडायला मदत करतात. हे वाचलं की मला नेहमी त्या चांगल्या पेशींची जास्त चीड यायची.

मी नवीन होते तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतल्या वयस्कर तंत्रज्ञांनी हे मला एका वाक्यात समजावलं होतं. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. त्यांचं घर शहागंजच्या मागं आहे आणि मराठी ते आमच्यासारखंच बोलतात, पण शिकवायचं म्हटलं की घरच्या बोलीत शिरतात. “बेटा, कबाब के गोश्त को कच्ची पपई लगाते ना, और घंटे भर में गोश्त गल जाता? बस, वैसाच. फर्क इत्ता कि यहाँ गोश्त जिंदा आदमी का है.”

आम्ही ते डोळ्यांनी बघतो. जनावरांची हाडं-कातडी उकळून जो चिकटा काढतात त्याला जिलेटिन म्हणतात. ते घालून आम्ही एक पातळ, लिबलिबीत पट्टी ओततो. रुग्णाच्या गाठीचा तुकडा बारीक वाटून त्याचं पाणी त्या पट्टीत उतरवतो आणि ती उबेत ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी पट्टी निळ्या रंगात बुडवायची. जिथं जिलेटिन शाबूत आहे तिथं ती गर्द निळी होते. जिथं विकरांनी ते खाल्लं तिथं रंग धरत नाही, पांढरी रेघ उमटते. रेघ जितकी रुंद, तितकं खाणं जास्त. मेंढपाळाची मुलगी असल्यामुळं असेल, हाडाकातड्याच्या त्या पट्टीतल्या पांढऱ्या रेघा बघताना मला आमचा कळपच दिसायचा.

मला एक जुनी सकाळ आठवायची. मी तेव्हा दहा वर्षांची होते, दादा सोळाचा. मेंढरं रात्री वाघरीत असतात, वाघर म्हणजे दोरीची जाळी, खुंट्यांना बांधून तिचं कुंपण करतात. उजाडताना मी उठले तर वाघरीला खाली एक भोक होतं, दोर दातांनी तोडलेले, आणि आत सगळीकडं मेंढ्या पडलेल्या. लांडग्यानं खाल्ली होती एकच. बाकीच्यांचे नुसते गळे फाडले होते. काही अजून पाय झाडत होत्या. दादानं एक-एक करून त्यांच्या गळ्यावरनं वस्तरा फिरवला. मग तो उठला आणि रात्रभर न भुंकलेल्या आमच्या कुत्र्याकडं गेला. ते शेपूट हलवत पुढं आलं. दादानं त्याला काठीनं मारायला सुरुवात केली आणि ते मरेपर्यंत थांबला नाही. त्याचं डोकं फुटल्यावरही तो मारत होता. दुपारी त्यानं त्याला पुरलं आणि त्या खड्ड्याशी बसून लहान पोरासारखा रडला, ते मी लपून बघितलं.

चार वर्षं मी पट्टीवरची भोकं मोजली, आणि दादाच्या मानेवरची गाठ मला ओळखता आली नाही. याचं कारण मी नंतर खूप शोधलं. मला वाटतं, कर्करोग माझ्याकडं नेहमी बर्फात येत होता, छोट्या नळीत, आकडा लावून. त्याला मान नव्हती, टॉवेल नव्हता, बाभळ नव्हती. मानेवरची गाठ म्हटली की माझ्या हातांना मेंढी आठवायची. ही दोन शहाणपणं एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहिली आणि एकमेकांशी बोलली नाहीत.

जखम भरली नाही. महिनाभरानं वहिनीचा फोन आला. ती रडत नव्हती, दबक्या आवाजात बोलत होती. “ताई, भोकातनं मांस वर आलंया. फुलकोबीवाणी. वास मारतुया. ह्ये जेवत बी नाय.” मी फोन ठेवला. समोर निळ्या रंगात बुडवलेली पट्टी होती. तेव्हा मला कळलं. एका क्षणात, सगळं.

दुसऱ्या दिवशी दादाला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी आधी तोंड उघडायला लावलं. जिभेच्या उजव्या कडेला, तंबाखूची चिमूट धरायची त्या बाजूला, मोठा चट्टा होता, कडा टणक झालेल्या. तो कधीपासून होता हे दादानं कुणाला सांगितलं नव्हतं. मग त्यांनी मानेवरची पट्टी काढली आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हे कुणी चिरलं, मामा?”

वहिनी एका बाजूला उभी होती, मी दुसऱ्या. दादानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. “म्याच,” तो म्हणाला. “दाढीच्या पात्यानं. आरशात बघून.”

डॉक्टर भडकले. “मेंढरू समजलात काय स्वतःला? ही गाठ जिभेतल्या रोगाची आहे. कातडी शाबूत होती तोवर रोग आत होता. आता तो जखमेतून कातडीत आलाय. जिभेचा अर्धा भाग, जबड्याचं हाड, मानेच्या गाठी, हे तर काढावंच लागलं असतं. आता वरची कातडीही काढायची आणि छातीचं मांस फिरवून तिथं लावायचं. तेही लवकर. नाहीतर हातातून गेलात म्हणून समजा.”

वहिनी दादाला तिथल्या तिथं बोलायला लागली, एवढी अक्कल नाही का, स्वतःच्या हातानं गळा कापून घेतलात. दादा खाली मान घालून ऐकत होता. माझ्या गळ्यात प्रयोगशाळेचं ओळखपत्र लटकत होतं, ते मी ओढणीखाली सरकवलं.

तपासण्या झाल्या. फुफ्फुसात काही दिसलं नाही, म्हणजे अजून आशा होती. पण शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले तर खाट रिकामी. अडवायला आलेल्या सुरक्षारक्षकाच्या कानाखाली वाजवून, त्याला जिन्यावर ढकलून दादा निघून गेला होता. सुरक्षारक्षकाचा ओठ फुटला होता आणि तो मलाच शिव्या देत होता. मी त्याच्या पाया पडले. मग धावत बसस्थानक गाठलं.

कळप वस्तीजवळच्या कापसाच्या रानात होता, वहिनीच्या भावाच्या देखरेखीखाली. तो जेवायला घरी गेला होता. दादा बांधावर उभा राहून मेंढरांना हाक घालत होता. त्याची हाक मी सांगू शकत नाही, ती लिहिता येत नाही. जीभ टाळूला लावून थरथरवत काढलेला लांब आवाज, शेवटी वर उडणारा. त्या आवाजावर पूर्ण कळप माना वर करतो आणि वळतो. दुसऱ्या कुणाच्या हाकेला त्याची मेंढरं वळत नाहीत. आता त्या हाकेत घरघर होती, मानेची पट्टी लाल झाली होती, तरी मेंढरं वळली.

“चल,” मी म्हणाले.

“जीभ काढल्यावर ह्यांना काय हाक मारू?” तो मेंढरांकडं बघत म्हणाला. “जेवढे दिस हायेत तेवढे दिस हाक मारतो. मेलो तर मेलो. जा तू.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याची काठी बांधाला टेकलेली होती. मी ती उचलली आणि त्याच्या पाठीत घातली. थोरल्या भावावर हात उचलणं आमच्याकडं होत नाही, आणि मी काठी उचलली. एक पाठीत, एक मांडीवर. तो हलला नाही. तिसरी मी खांद्यावर मारायला गेले, ती त्यानं हवेत धरली, हिसका दिला आणि मला काठीसकट ढेकळांत आपटलं. माझी कोपरं सोलली. मेंढरं दचकून पांगली. तो माझ्या अंगावर काठी उगारून उभा होता, डोळे लाल, मानेतून रक्त छातीवर ओघळत होतं, आणि मला ते कुत्रं आठवलं. मला वाटलं, मार. न भुंकलेलं कुत्रं मीच आहे. मार आणि मोकळा हो.

“मार की,” मी म्हणाले. “चिरलं मी. मी रोज हेच बघते दादा, हे कसं वाट फोडतं ते. त्याच कामाचा मला पगार मिळतो. आणि वाट मीच करून दिली. आता तू मेलास तर मी मारलं. मरायचं तर मर, पण माझ्या हातानं मरू नको.”

काठी खाली आली. तो ढेकळांवर बसला. दोघंही धापा टाकत होतो.

“म्या कुणाला सांगितलं नाय,” तो म्हणाला.

“मला माहिताय.”

“सांगनार बी नाय.”

“पण मला तर माहिताय ना, दादा. मी काय करू?”

तो माझ्या सोललेल्या कोपरांकडं बघत राहिला. मग उठला, पांगलेल्या मेंढरांना त्यानं एकदा हाक घातली, ती सगळी गोळा होईपर्यंत थांबला. त्याची ती शेवटची हाक होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. “तुझ्या हातानं नगं,” तो म्हणाला. “चल.”

शस्त्रक्रियेला सकाळी आत नेलं ते दिवस मावळताना बाहेर आणलं. मानेवर छातीचं कातडं शिवलेलं, नाकात नळी, गळ्यात श्वासाची नळी, चेहरा एका बाजूनं आत गेलेला. वहिनी त्याला बघून भिंतीवर डोकं आपटायला लागली. मी आणि एका नर्सनं तिला धरलं.

त्याच दवाखान्यातून आमच्याकडं अभ्यासासाठी नमुने येतात. रुग्णाची परवानगी घेऊन, नावाऐवजी आकडा लावून. दादानंही सही केली होती. त्या आठवड्यात आलेल्या बर्फाच्या डब्यात दोन नळ्या एकाच रुग्णाच्या होत्या, एक जिभेची, एक मानेवरच्या कातडीच्या कडेची. मला आकडा वाचायची गरज नव्हती. चाचांनी माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता पट्टी माझ्याबरोबर ओतली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निळी झाली. जिभेची रेघ रुंद होती. कातडीची त्याहून रुंद होती. मी चाचांना सगळं सांगितलं. बाभळ, वस्तरा, अंगठे, सगळं. मी त्यांना विचारलं, ही दुसरी रेघ माझी आहे का.

चाचांनी पट्टी उजेडात धरली. त्यांनी मला जे सांगितलं ते मलाही माहीत होतं, फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं. जखम झाली की शरीर स्वतःच ही विकरं पाठवतं, मेलेलं मांस साफ करायला, नवी कातडी सरकायला जागा करायला. भरणाऱ्या जखमेतही ती असतात आणि पोखरणाऱ्या रोगातही तीच. ही विकरं बंद पाडायची औषधंसुद्धा निघाली होती. काचेच्या बशीतल्या पेशींवर चालली, उंदरांवर चालली. माणसांवर दिली तर सांधे आखडले आणि रोग तसाच पुढं गेला. “पट्टी इत्ताच बताती कि कित्ता खाया,” चाचा म्हणाले. “किसने बुलाया, वो नै बताती. वो तू मशीन से मत पूछ. जिसका आदमी है उसको जाके बोल.”

दादाला आता बोलता येत नव्हतं. म्हणजे माझ्यासाठी खोटंही बोलता येत नव्हतं. संध्याकाळी मी दवाखान्याच्या आवारात गेले. नातेवाईक बसतात त्या कडुलिंबाखाली वहिनी स्टीलचा डबा घासत होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, गाठ मी चिरली होती.

तिनं हात थांबवले. मग तिनं डब्याचं झाकण माझ्या तोंडावर हाणलं. कडेनं भुवई फाटली. तिनं दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा मारलं, मी हात वर केले नाहीत. रक्तानं माझा डावा डोळा भरला.

“तू?” ती म्हणाली. लग्न झाल्यापासून ती मला ताई आणि तुम्ही म्हणत आली होती. “पांढऱ्या कोटातली तू? तुला कळत नव्हतं? मी ह्येंना बोलले गं. रोज बोलले. स्वतःचा गळा कापून घेतला, पोरंबाळं दिसली नाय का, असं म्हनले. आत न्यायच्या आधी बी म्हनले. त्येंनी एक शब्द सांगितला नाय. जीभ होती तवा त्येंनी ऐकून घेतलं, आन् तू माझ्याशेजारी बसून भाकरी खाल्लीस.”

मग तिनं आपल्या पदराचा बोळा केला, माझ्या भुवईवर इतका जोरात दाबला की मी कळवळले, आणि मला तसंच धरून अपघात विभागात नेलं. टाके घालणाऱ्यांनी विचारलं, काय झालं. वहिनी म्हणाली, पायरीवरनं पडल्या. चार टाके पडले. ती माझ्याशी त्यानंतर कित्येक महिने बोलली नाही, पण माझा टाका पिकला तेव्हा हळद तिनंच पाठवली.

दादाला पुढं किरणोपचार दिले. तोंड सोललं, दाढी गळाली, तो वाळून काठीसारखा झाला. एकदा त्यानं जेवणाची नळी स्वतः उपटून फेकली आणि ती परत घालायला आलेल्या डॉक्टरचा हात चावला, उरलेल्या दातांनी. मी त्याचे दोन्ही हात खाटेच्या दांड्यांना बांधले. त्या दिवशी मी बाहेर येऊन खूप रडले. रागानं रडले, त्याच्यावरच्या, माझ्यावरच्या, आणि शेजारच्या पेशींना भडकवणाऱ्या त्या नालायक पेशीवरच्या.

त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. दर तीन महिन्यांनी तपासणी असते आणि दर वेळी आदल्या आठवड्यात माझी झोप जाते. आतापर्यंत रोग परत आलेला नाही. येणार नाही असं कुणी सांगत नाही, आणि मी विचारत नाही. छातीचं कातडं मानेवर लावल्यामुळं तिथं आता छातीचे केस उगवतात, वहिनी ते कातरीनं कापते. हाक गेली. दादा आता पत्र्याच्या डब्यावर काठी वाजवतो. मेंढरं सुरुवातीला नुसती उभी राहायची. आता वळतात, सगळी नाही, पण बरीचशी.

मागच्या महिन्यात मी कळपावर गेले होते. दुपारी दादानं मला हातानं खूण करून बोलावलं. एका म्हाताऱ्या मेंढीच्या जबड्याखाली गाठ आली होती, लोकर गळालेली, कातडी ताणून चकाकत होती. उजव्याच बाजूला. मी तिथंच थांबले. त्या दिवसानंतर मी एकही गाठ चिरली नव्हती, वस्तऱ्याला हात लावला नव्हता.

दादानं मेंढी गुडघ्यांत दाबली. तिची मान वर पिरगाळून धरली. मग झोळीत हात घालून त्यानं वस्तरा काढला, तोच, आणि माझ्यापुढं धरला.

मी मान हलवली. त्यानं वस्तरा तसाच धरून ठेवला. मी म्हणाले, “नको, दादा. तू कर. वहिनीला सांग.” त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता, पण त्याचा अर्थ मला लहानपणापासून पाठ आहे. आटप, मेंढी दमतीया, एवढाच तो अर्थ. पलीकडं चुलीशी बसलेली वहिनी आमच्याकडं बघत होती.

मी वस्तरा घेतला. तो निखाऱ्यावर धरताना माझं बोट भाजलं. मेंढीच्या गळ्याशी वाकले तेव्हा दादाची मान माझ्या तोंडापासून वीतभर होती, केसाळ, शिवलेली, टाक्यांचे वळ उठलेली. मी गाठीच्या खालच्या अंगाला चीर दिली. मेंढी ओरडली. मी डोळे मिटले आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

हातावर काहीतरी गरम आलं. मी डोळे उघडले. पू होता. घट्ट, हिरवट पांढरा, घाणेरड्या वासाचा. नुसता पू. मी दाबत राहिले आणि तो येत राहिला, आणि मी मोठमोठ्यानं रडत होते. दादानं मेंढीची मान सोडली नाही. सगळा पू निघेपर्यंत त्यानं ती घट्ट धरून ठेवली, आणि मग हळद-चुन्याची वाटी पायानं माझ्याकडं सरकवली.